काहिलीचा कान

राजारामपुरीतला सायबर कॅफे बंद झाला
तेव्हा साडेतीनशेला उचललेला हा डबा.
झाकण नाही. दोन लॅन कार्डं,
एक बाहेरच्या जगाचं, एक आमच्या माडीचं,
आणि मध्ये मी बसवलेलं लिनक्स,
जे न बोलता सगळं लिहून ठेवतं.

ठेवतं म्हणूनच कळलं:
आठ सत्तावीस, लिंक डाऊन.
आठ सत्तावीस, लिंक अप.
आठ एकतीस. आठ एकोणचाळीस.
वर अलकनंदाचा क्लास, अकरा पोरं, वर्गमूळ,
आणि जिन्यातून तिचा आवाज,
"भावजी, परत गेलं बघा!"

केबल बदलली. नवं टोक क्रिंप केलं,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा,
जप करावा तसं पुटपुटत.
कार्डाची जागा बदलली. पंख्यातली धूळ फुंकली,
ती डोळ्यात गेली.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, राउटर बंद करून चालू करा.
म्हटलं, राउटर मीच केलाय.
तो गप्प झाला. मग म्हणाला, तरीपण करा.

पिंग लावून बसलो.
चौसष्ट बाइट, बावीस मिलिसेकंद.
चौसष्ट बाइट, एकवीस.
चौसष्ट बाइट,
आणि भिंत निळी झाली.

पलीकडं दस्तगीर मुल्लाचं वेल्डिंग.
उद्यमनगरात निळ्या उजेडाकडं कोण बघतंय?
लहानपणी आम्हाला पहिलं तेच शिकवलं,
तिकडं बघायचं नाही.

लॉगचा कागद घेऊन गेलो.
त्यानं काच वर केली, आकड्यांवरून बोट फिरवलं.
"आठ सत्तावीसला? तवा काहिलीचा पहिला कान जोडत हुतो.
एकतीसला दुसरा.
एकोणचाळीसला तडा गेला, परत टाका वडला.
कागलच्या गुऱ्हाळाची हाय, उद्या चूल पेटायची."
त्यानं कुठंच काही लिहून ठेवलं नव्हतं.

केबल त्या भिंतीवरून काढली, माळ्यातून फिरवली.
अर्थिंगची तार त्यानंच ठोकून दिली. पैसे नको म्हणाला.
पुढच्या आठवड्यात कागलहून आलेल्या ढेपेतला
अर्धा गूळ आमच्याकडं.

आता संध्याकाळचा लॉग कोरा असतो.

फक्त पहाटे तीन वाजून चार मिनिटांनी, कधीतरी,
लिंक डाऊन. दोन सेकंदांनी लिंक अप.
उठून खिडकीत जातो.
दस्तगीरचं शटर खाली. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
मागं डब्यावर हिरवा दिवा लुकलुकतोय,
मी कशाला उठलो असं.