पाणी मुरतं तिथे

नमुन्याच्या दिवशी रोझेल्डा अपॉलिस
अंगाला काही लावत नाही.
ना सनस्क्रीन, ना अत्तर, ना केसांना क्रीम,
आदल्या रात्रीपासून साबणसुद्धा नाही.
लिटरभर पाण्यात एका ग्रॅमचा अब्जावा भाग शोधायचा,
तो आपल्याच गालावरून बाटलीत पडायला नको.
निळे हातमोजे, तपकिरी काच,
आणि हे असलं सोवळं,
कुठल्याच देवासाठी नसलेलं.

समुद्राकडून वारा येतो, वाळू चावते.
केप टाउनच्या उत्तरेला, या टेकड्यांत,
गावाने वापरून टाकलेलं पाणी
धुऊन, निवळून तळ्यांत सोडतात.
तिथून ते खाली जातं, महिनोन्‌महिने,
आणि विहिरीतून वर येतं गावाच्याच नळाला.
कोरड्या मुलखाचं शहाणपण. तिला मान्य आहे,
याच पाण्यावर ती वाढली.
फक्त, कुठेतरी पाणी मुरतंय
हे ती दोन्ही अर्थांनी जाणते.

ऊम डॉवी, तिचा थोरला चुलता, पोरवयात
डबक्यांतून प्लाटाना पकडायचा:
चपट्या अंगाची, नखांची बेडकी, तोंडात जीभच नाही.
दोरीला काळजाचा तुकडा बांधून बसायचा.
इस्पितळ एकीचे सहा पेनी देई.
तिथे बाईची लघवी सुईने
तिच्या कातडीखाली सोडत.
सकाळी बरणीच्या तळाशी अंडी दिसली
की डॉक्टर बाहेर येऊन सांगत, दिवस गेलेत.
जीभ नसलेल्या जनावराने
किती घरांत बातमी पोचवली.

आता सुई लागत नाही.
अख्खं गाव तळ्यात येतं:
रोझेल्डाने सोळा वर्षं घेतलेल्या गोळीचा उरलेला शब्द,
मासळीच्या डब्याचं अस्तर, दुकानातल्या पावतीचा गुळगुळीत कागद,
कुणाच्या बाळाच्या बाटलीतून
गरम दुधाने सोडवून आणलेलं काही.
त्यात काही संप्रेरकं,
काही नुसती त्यांचा वेश घेतलेली.
दार ठोठावतात, आणि शरीर
ओळखीचा आवाज समजून कडी काढतं.

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या एका पोराने
तळ्याकाठचा एक प्लाटाना उघडला.
नर होता. पोटात अंडी.
पोरगा बराच वेळ गप्प होता,
मग म्हणाला, एकावरून काही सांगता येत नाही.
बरोबर आहे. येत नाही.

अहवालात 'नाही' असं लिहीत नाहीत,
'सापडलं नाही' असं लिहितात.
रोझेल्डाला त्या दोन्हींमधली जागा माहीत आहे,
तिथेच तर तिची नोकरी.

बाटली बर्फात. झाकण घट्ट. वेळ सहा चाळीस.
घरी आल्यावर ती आधी तोंडाला क्रीम लावते, भरपूर,
मग किटलीत नळाचं पाणी, त्यात रॉयबॉस.
ऊम डॉवी कप पुढे करतो
आणि दर वेळचंच विचारतो,
काय म्हणते बेडकी?
कुणाला दिवस गेलेत?