ढमढेरेची तबकडी

बुधवारी जुन्या बाजारात,
पितळी नळ आणि एकेकट्या बुटांच्या मधोमध
ती पडली होती. साडेतीनशे सांगितले,
दोनशेऐंशीला दिली.
कव्हरवर कुंपणाला टेकलेले चार लांबकेसे,
मागे एक घोडा,
पासपोर्टच्या फोटोला बसवल्यासारखा.

गुरुवारी सहकारनगरात वीज गेलेली.
दिवसभर नुसतीच पुसत बसलो
चष्म्याच्या फडक्याने, गोल गोल.
खोबणीतलं काही निघेना.

ढमढेरेने ही मला ऐंशी सालीच ऐकवली होती,
म्हणजे सांगितली होती, तोंडी,
हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून:
तिसऱ्या गाण्यात गिटार कशी रडायला लागते
आणि मध्येच रडणं विसरून
लांब कुठेतरी बघत राहते,
पाचव्यात एक ट्रक जातो रात्रभर,
तो गेल्यावर मागे धूळ उरते,
ऐकू येते, म्हणाला, धूळ.
दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं.
आम्ही धूळ ऐकत होतो.

शुक्रवारी सकाळी सुई टेकवली.
पहिलं गाणं बरं होतं.
दुसरं म्हणजे पहिलंच, टोपी घालून.
तिसऱ्यात गिटार रडलीबिडली नाही,
फरशीवर खुर्ची सरकवावी तशी
जराशी कुरकुरली.
मृदुला पोळ्या लाटता लाटता म्हणाली,
हे सगळे एकाच घोड्यावर बसलेत का रे?
पाचव्यात ट्रक होता, हॉर्नसकट.
धूळ नव्हती.
आवाज वाढवून पाहिला.
तळजाईवरून एक मोर ओरडला,
त्याचा सूर जास्त बरा लागला.

वाईट नाही तशी.
शेजाऱ्याने वाजवली असती तर मान डोलावली असती.
पण चाळीस वर्षं
मी हिच्याशी ताडून बघत आलो
बाकीची सगळी गाणी,
आणि एक-दोन माणसंसुद्धा.

ढमढेरे आता भूगावला असतो,
दोन्ही गुडघे बदललेले.
फोन केला. अरे, धूळ कुठाय?
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मी तरी कुठे ऐकली होती!
कॅम्पातल्या त्या दुकानदाराने
दोन मिनिटं कव्हर हातात दिलं, रिकामं.
मागचं बारीक टायपातलं पाठ केलं,
बाकीचं काय, तुम्ही ऐकत होतात
म्हणून येत गेलं.

कशी आहे पण?

गाणी संपली होती.
सुई आतल्या कोऱ्या गोलात
खरखरत फिरत होती.
थांब, म्हटलं, बोलू नकोस,
आणि फोन स्पीकरजवळ धरला.