तोंड खाली

तारामुंबरीच्या उतारावरली अ‍ॅम्बॅसडर,
डिझेल, माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या वयाची.
रात्रभर उभी राहिली की सकाळी उठत नाही.
दुपारी उठते. दिवेलागणीलाही.
नकार फक्त सकाळचा.

प्रमिला खोबरेकर फोनवर म्हणाल्या,
"ह्ये गेल्यापासून असा करता. गाडयेक पण समाजता काय रे?"
म्हटलं, बघूया.
डिझेलला माणूस कळत नाही, हवा कळते,
हे ओठांवर आलेलं गिळलं.

कासमभाई होडेकरांनी मला पान्याआधी धूर शिकवला,
जेटीवर, ट्रॉलरच्या पोटात बसवून.
काळा : खाणं जास्त, श्वास कमी.
निळा : ऑइल जळतंय, गिऱ्हाइकाला आधी बसायला सांग.
पांढरा, डोळ्यांत झोंबणारा : पोचतंय, पेटत नाही.
आणि धूरच नसेल तर?
"तर जेवणच पोचला नाय, येड्या.
पेशंटावर ओरडा नको. नळी बघ."

सकाळी सात. मुलगा स्टार्टर मारतो.
घर्र घर्र घर्र, आणि सायलेन्सर कोरडा.
"बॅटरी गेलीय," तो म्हणतो. "भंगारवाला अठरा देतोय."
हीटर चारही लाल. बॅटरी ठणठणीत.
प्रायमरवर अंगठा दाबला : पोकळ,
पिकून आतून गेलेल्या पपनसासारखा.
फिल्टरचा स्क्रू सैल केला तर
डिझेल नाही, फेस आला.
दाबत राहिलो. फेस, फेस, बुडबुडा,
मग एक सरळ, सोनेरी धार.
इंजेक्टरचे नट अर्धा आटा सोडले,
पुन्हा आवळले, एकेक करून.
तिघांनी धरलं, चौथा रुसलेला,
मग तोही आला पंगतीला
आणि अख्खं अंगण थरथरलं, तुळशीसकट.

पण हवा काढली म्हणजे हवा शिरते कुठून ते कळलं, असं होत नाही.

पाठीवर झोपून आत सरकलो.
फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर रबर,
वरून धडधाकट.
वाकवलं तेव्हा हसलं :
केसाएवढी चीर, खारा वारा पिऊन पिऊन पडलेली.
अशी चीर काल-परवाची नसते.
आठ वर्षं. दहाही असतील.

"काकी, काका गाडी कशी लावायचे?"
"तोंड दर्याकडे. चाकाखाली दोन चिरे.
ह्यो लावता तोंड घाटयेकडे,
रात्री-अपरात्री निघाक बरा पडता म्हणून."
मी गप्प.
टाकी मागे. तोंड खाली असलं की टाकी वर,
डिझेल परतत नाही, चिरेतून थेंब थेंब गळतं फक्त.
तोंड वर केलं की रात्रभर सगळं मागे ओघळतं
आणि तेवढी हवा आत येऊन बसते.

"आणि इंजनाखाली करवंटी ठेवीत," त्या म्हणाल्या,
"रोज. माका वाटला मांजरासाठी.
मांजर काय कधी त्यातला पिला नाय."

म्हणजे काकांना ठाऊक होतं.
पंचावन्न रुपयांची नळी, वीस मिनिटांचं काम.
का नाही बदलली, माहीत नाही.
चिक्कू होते म्हणावं, तर दर सहा महिन्यांनी ऑइल बदलायचे,
माझ्याचकडे. टॅपेट मात्र स्वतः लावायचे,
गेज मागूनसुद्धा द्यायचे नाहीत.

नळी बदलली. क्लिपा नव्या.
मुलगा घड्याळ बघत होता, त्याला मुंबईची बस.
काकींनी विचारलं, "मगे आता खयच्या तोंडान लावू?"
"कशीही लावा."
त्यांना हे उत्तर आवडलं नाही बहुतेक.

पंधरा दिवसांनी जामसंड्याहून परतताना
मुद्दाम त्या वळणाने आलो.
गाडी उतारावर आडवी,
ना दर्याकडे तोंड, ना घाटीकडे,
दूधवाल्याची सायकल अडलेली आणि तो शिव्या मोजत.
मागच्या काचेवर नेलपॉलिशने काढलेला
एक वाकडा, लालभडक एल.