सहावी पिढी

बरणीवर चिकटपट्टी: पिढी सहावी, चार फेब्रुवारी.
तळाशी पिठल्यासारखा थर,
वर नितळलेली शिळी बिअर.

शेषेराव मस्कतला गेला
तेव्हा थर्मासात बोटाएवढी कुपी देऊन गेला.
गार ठेव, म्हणाला. महिन्याला एकदा जेवू घाल.

जेवण म्हणजे माल्टचं पाणी.
वीस मिनिटं उकळायचं,
पातेल्याचं बूड गार लागेस्तोवर
झाकणाला हात लावायचा नाही.
जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, त्यावर दोन चुंबकं,
बाटलीत रात्रभर भोवरा.
सकाळी खोलीभर वास,
पिकल्या केळाचा, थोडा भाकरीचा.

वच्छलाकाकू विरजण मागायला आल्या.
"हे काय गढूळ ठिवलीस?"
विरजणच आहे, म्हटलं. दुसऱ्या कशाचं.
"जितं हाय का?"
हो.
"मग एकाच घरात कशाला ठिवायलीस?"
आणि एक कुपी घेऊन गेल्या,
कशाचं ते न विचारता.

एप्रिलात मी जालन्याला, लग्नाला.
बजाजनगरात दोन दिवस लाइट नाही,
आली ती फ्रिज जाळूनच.
बरणी उघडली: रबरासारखा वास.
मोरीत ओतली. बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

काकूंच्या माहेरी, पैठणला,
लोणच्याच्या बरणीमागे सापडली कुपी,
एसटीनं आली, ओल्या फडक्यात.

जेवू घातलंय.
आज तिसरा दिवस.
पंखा बंद करून ऐकते.
एक बुडबुडा आला.
की बाटलीच हलली माझ्या हातानं.