सोमसूत्राच्या पलीकडे

धारूरच्या घाटाखाली, जिथं एसटी दुसऱ्या गिअरवर येते,
तिथं आमचा महादेव.
त्याच्या मागं गुरवकीची साडेतीन एकर जमीन,
जमीन म्हणजे मुरूम. पहार मारली की ठिणगी.
चुलते म्हणायचे, ही देवाची पाठ आहे रे,
तू नुसता खरवडतोस.

पहिलं झाड मी पुण्याईसाठी लावलं नाही.
श्रावणात बेल विकत आणायचो केजहून,
दहा रुपयांना वाटा, त्यात निम्मी पानं किडकी.
पिंडीवर वाहताना मनात हिशेब चालायचा.
त्याची लाज वाटली, म्हणून बेल.
बेलाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून शेवगा,
शेवग्याखाली ओल धरायला चमकुरा,
आणि हादगा कशासाठी लावला ते आता आठवत नाही,
त्याच्या फुलांची भाजी मात्र
लोक मागून नेतात.

खत गाभाऱ्यातलं.
सुकलेला झेंडू, काल वाहिलेली त्रिदळं, नारळाच्या शेंड्या.
नदीत सोडावं, तर नदी आठ महिने नुसती वाळू.
शुक्रवारी सकाळी मैनाबी यायची दर्ग्यावरून,
ओच्यात गुलाबाची वाळलेली चादर घेऊन.
मी विचारलं, चालतं का असं, खड्ड्यात?
म्हणाली, तुमचं निर्माल्य, हमारा तबर्रुक,
गड्ढे को क्या मालूम, मामा.

निर्माल्य ओलांडू नये, ही घरची शिकवण.
तेव्हा जिथं खड्डा भरला तिथं पुन्हा पाय नाही,
औत नाही, कुळव नाही.
गुरं सोडणारा लिंबाप्पासुद्धा
काठी आडवी धरून बांधावरच थबकायचा.
पाप लागेल या भीतीनं
माती मऊ झाली.
चौथ्या वर्षी बोट घातलं
तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.
मी ते बोट धुतलं नाही दुपारपर्यंत.

अभिषेकाचं पाणी गोमुखातून उत्तरेला पडतं.
तिथून चर काढला, रानाच्या मधोमध.
काढून झाल्यावर ध्यानात आलं, हे तर सोमसूत्रच लांबवलं आपण.
आणि सोमसूत्र ओलांडत नाहीत.
महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच,
चरापर्यंत जायचं आणि माघारी वळायचं.
चराच्या पलीकडं पाऊण एकर राहिलं.
सडकेनं वळसा घालून जाता आलं असतं.
पोरानं सांगितलंही, पप्पा, गेट करू तिकडून.
का गेलो नाही
ते मलाही नीट सांगता येत नाही.

अलीकडं मी दोरी लावून सीताफळ लावली,
बारा बाय बारा फूट,
कृषी सहायकानं वहीत काढून दिलेल्या चौकटीत.
सत्तर लावली. एकेचाळीस जगली.
घागरीनं पाणी घातलं, उन्हाळ्यात पऱ्हाट्यांची सावली केली,
एकेकाला नावानं हाक मारली.
पलीकडं कुणीच काही केलं नाही.

अकरा वर्षांनी पलीकडं
कवठ आहे, दोन बोरी, लिंब,
बुलबुलानं टाकलेलं एक जांभूळ,
जांभळावर चढलेली करटुली,
खाली सुरणाचे छत्र्यांसारखे दांडे,
आणि सीताफळंही, वानरांनी नेलेली, ओळीत नसलेली,
माझ्या ओळीतल्यांपेक्षा दाट.
सकाळी मी पाण्याचा तांब्या हातात धरून
चराशी उभा राहतो
आणि परक्याच्या घरात डोकावल्यासारखं बघतो.
हेवा वाटतो. देवाच्या दारात उभं राहून
देवाचाच.

परवा, आश्विन सरताना,
पोपटानं अर्धं खाल्लेलं एक सीताफळ
तिकडून इकडं पडलं, अगदी पायाशी.
डोळे फुटलेले, आत पांढरं, चोचीची खूण ताजी.
उष्टं नैवेद्याला चालत नाही.
टाकूनही देववेना.
मग तिथंच उकिडवा बसून मीच खाल्लं,
पूजेच्या आधी, पारोशा तोंडानं, आयुष्यात पहिल्यांदा.
साखर नुसती.

बिया तोंडात घोळवल्या बराच वेळ.
मग एकेक करून
पलीकडं थुंकल्या.
माझं तिकडं जाणं एवढंच.

तांब्या उचलला,
आणि नेहमीसारखा
चरापासून माघारी वळलो.