हात मागे

आमच्या मैदानात चारशे मीटर मावायचेच नाहीत.
इकडे नाला, तिकडे कंपनीची भिंत,
मधे दुखंडे सरांनी चुन्याने आखलेला ट्रॅक,
पेटीच्या तळाशी दबलेल्या आंब्यासारखा
एका अंगाने चेपलेला.
त्या अरुंद वळणावर पळून पळून
सगळ्यांचा डावा बूट बाहेरच्या कडेने झिजायचा.
चेंबूर नाक्यावरचा बूट शिवणारा विचारायचा,
पोरींनो, तुम्हाला सरळ रस्ते नाहीत का?

डॉर्मेटरीत चोवीस जणी, बारा वर, बारा खाली.
माझ्या वर हौसा वळवी, धडगावची.
पाठारे बाई दहाला दिवे घालवायच्या,
पण खिडकीत माहुलची चिमणी रात्रभर पेटलेली,
ती बाईंच्या हुकमात नव्हती.
त्या नारिंगी उजेडात रुक्साना पायाची नखं कापायची,
जसिंता मोज्यांच्या जोड्या लावायची,
आणि कुणीतरी, रोज वेगळी,
भिंतीकडे तोंड करून रडायची.
कोण, ते आम्ही विचारायचो नाही.

खरा बॅटन ऑफिसात, कुलपात.
सरावाला प्लंबरने कापून दिलेला पाइपचा तुकडा,
करडा, एका टोकाला अजून आटे असलेला.
तो हौसाच्या उशीखाली असायचा.
ती तिसरी, मी शेवटची.
दिवे गेल्यावर पलंगांमधल्या बोळात, अनवाणी:
मागून "घे" आलं की हात मागे,
तळवा वर, मान पुढेच.
भरवसा-बिरवसा काही नसतो, सर सांगायचे,
पावलं मोजलेली असतात.
आमची एकोणीस होती.

नंतर नंतर ती वरून काहीही द्यायची.
"घे," आणि अंधारात मी नुसता हात वर.
मोहाच्या फुलांचा लाडू. केसांची पिन.
एकदा गणिताचा पेपर, अकरा मार्कांचा, लपव म्हणून.
आणि जानेवारीत, विभागीय स्पर्धेला नऊ दिवस असताना,
बर्फाचं पाणी झालेली प्लास्टिकची पिशवी,
मोरीत ओत म्हणून.

नडगी, ती म्हणाली.
कधीपासून?
दिवाळीपासून.

मी पिशवी ओतली.
नऊ रात्री ओतली.
आमच्याकडे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पाठ होतं सगळ्यांना:
जी पळत नाही तिचा पलंग सुटतो.
मी गप्प का राहिले, असं कुणी विचारलं
तर इतकी वर्षं मी हेच सांगत आलेय.
दुसरं असं, की
तिच्यासारखं वळण कापणारी आमच्यात दुसरी नव्हती
आणि फीत माझ्या छातीने तुटायची होती.

तुटली नाही. आम्ही तिसऱ्या आलो.
तिने बॅटन एकोणिसाव्या पावलाला दिला, अचूक,
आणि मी मागे पाहिलं नाही, नियमच तो,
म्हणून ती कशी पडली
ते मला रुक्सानाने सांगितलं.

शताब्दीत एक्स-रे निघाला.
काळ्या फिल्मवर केसाएवढी पांढरी रेघ,
सर ती उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले,
जणू तीही त्यांनीच आखली होती.
तिचा भाऊ आला, पत्र्याची पेटी त्याने डोक्यावर घेतली.
हौसा कुबड्यांवर मैदानाच्या कडेकडेने गेली.
फाटकापाशी ती वळून बघेल असं मला वाटलं होतं.
तिला चांगलं शिकवलं होतं आम्ही.

सोमवारी वर सोलापूरची गोळाफेकवाली आली.
पलंग करकरायला लागला.
दहाला दिवे गेले, चिमणी पेटलेलीच,
आणि वरून एक नवीन, घाबरलेला आवाज:
"ताई, उशीखाली कसलातरी पाइप आहे.
टाकून देऊ?"

मी काय म्हणावं ते शोधत होते,
आणि हात केव्हाच वर गेला होता.