मोठा पट्टा

अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे चार.
काटा थांबला
तशा बाकावरच्या बायाही थांबल्या, बोलायच्या.
दीर म्हणाला होता, क्विंटलावर चार किलो,
आर्णीच्या आडतीत नेली तर भाव येईल वहिनीले.
हसले सगळे. मीही.
अंगानं भरलेल्यांना आधी हसून घ्यायची सवय असते.

भिंतीवर चित्र : हाडकुळी आई, पालेभाजीची जुडी,
रक्त वाढवा, वजन वाढवा.
माझ्यासाठी भिंत कोरी होती.
कार्डावर लाल टिकली तेवढी,
आणि तीन इंग्रजी अक्षरांपुढे एकोणचाळीस.
सासू म्हणाली, "पस्तीसले तं पास होतेत ना व?"

तालुक्याच्या डॉक्टरनं मान वर केली नाही.
यवतमाळ. सिझर. लिहून ठेवा.
पट्टा दंडाला पुरेना,
दोनदा फर्र करून सुटला,
तिसऱ्यांदा त्यानं बळंच आवळला
आणि जो आकडा आला तो माझा नव्हता,
पट्ट्याचा होता.

हे मला पंचफुला सिस्टरनं सांगितलं.
दवाखान्यामागे, बाभळीच्या कुंपणाला लागून, दोन खोल्या;
डॉक्टर नाही, बाळंतपणाचंच शिकून आलेल्या दोघी.
कपाटाच्या खालच्या फळीवरून तिनं रुंद पट्टा काढला.
"मांडीले लावाचा आहे हा.
पण दंड कोनता न् मांडी कोनती,
मशीनले का समजते?"
एकशे बावीस, ऐंशी.
घरचं माणूस भेटावं तसा भेटला आकडा.

मग म्हणाली, "हात लावू का पोटाले?"
सहा वर्षं झाली लग्नाला.
असं कोणी विचारलं नव्हतं.

ठोके सापडेनात.
निजलेल्या लेकराखालची गोधडी सारखी करावी
तशी तिनं पोटाची घडी उचलली
आणि तिथं, खाली,
रात्री दोनला थ्री-फेज यावी
आणि मळ्यातल्या मोटरीनं एकदम पाणी धरावं,
तसा आवाज.

अट तिची एकच.
"बीपी वर गेला, पानी हिरवं निंघालं,
नाही तं नुसतं मले भेव वाटलं,
तरी गाडीत बसाचं. तवा वाद नाही."
नाही, म्हटलं.

वैशाख. शेहेचाळीस डिग्री.
नवरा कूलरमध्ये बादल्या ओतत होता,
तेवढंच काम त्याला दिलेलं.
"टेबल बारकं आहे," सिस्टर म्हणाली.
टेबल बारकं आहे. असं म्हणाली ती.
गादी जमिनीवर आली,
खिडकीच्या गजाला लुगड्याचा पीळ बांधला,
आणि मी गुडघ्यांवर, हातांवर,
ओसरी सारवताना असते तशी.
ज्या मांड्यांच्या मापाची सलवार
दिग्रसच्या एका दुकानात मिळाली नाही
त्या पाच तास हलल्या नाहीत.
मधे मी शिव्या दिल्या. दिराला, डॉक्टरला, काट्याला.
"दे," ती म्हणाली, "पन श्वास सोडत दे."

पहाटे ड्रायव्हरनं दारातून विचारलं, निघाचं का?
कोणी उत्तर दिलं नाही.
दोघी माझ्याकडे बघत होत्या, घड्याळाकडे, माझ्याकडे.
मग डोकं. मग खांदे, जरा अडून. मग सगळी ती.

रक्त जास्त गेलं, ते लपवत नाही.
इंजेक्शन, आणि बेंबीखाली सिस्टरची मूठ,
कणीक तिंबावी तशी, किती तरी वेळ.
ड्रायव्हरनं गाडी चालू करून ठेवली होती.
मग थांबलं.
त्यानं गाडी बंद केली ती मला आतून ऐकू आली.

दीड महिन्यानं डोस द्यायला गेले.
बाकावर एक पोरगी, सातवा असेल,
ओढणी दंडापर्यंत ओढून बसलेली,
नंबर आला तरी उठेना.
लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं
आणि तिच्या कानाशी वाकले,
"मोठा पट्टा आहे त्याहीच्यापाशी.
कपाटात, खालच्या फळीवर.
माग."